वीस थाऊची फट: जुन्या शेव्हरोलेचा सेल्फ बसवताना

लालबागला माझा सेल्फ-डायनॅमोचा गाळा आहे. स्टार्टर मोटरला आमच्या धंद्यात सगळे सेल्फच म्हणतात, म्हणून इथेही सेल्फच लिहितो. छत्तीस वर्षं टॅक्सी, टेम्पो, ट्रक यांचे सेल्फ बांधले, पण जुन्या शेव्हरोलेचा सेल्फ बाकावर आला की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. माझे वडील शिवडीला, शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात होते. तिथे १९२८ मध्ये गाड्यांची जुळणी सुरू झाली आणि १९५४ मध्ये ती थांबली. वडिलांच्या वाट्याला शेवटची पाच वर्षं आली. त्यामुळे आमच्या घरात मोजमाप सुतात आणि थाऊमध्ये चालायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा. पुढे हीच मापं येतील.

गेल्या श्रावणात दादरच्या हिंदू कॉलनीतून एक १९६५ ची इम्पाला आली. २८३ घनइंचाचं व्ही-एट इंजिन, पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअर, स्टिअरिंग डावीकडे. मालकांची तक्रार अशी की चावी फिरवली की कर्कश शीळ येते, शेजारी खिडकीत येऊन उभे राहतात. आधीच्या गॅरेजनं सेल्फच्या बैठकीत एक शिम, म्हणजे पातळ पत्र्याचा तुकडा, टाकली, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक वेळी आवाज वाढला. शेवटी त्यांना सांगण्यात आलं की इंजिनामागची दात्यांची चकतीच (तिच्या कडेचे दाते म्हणजे रिंग गिअर) बदलावी लागेल. त्यासाठी गिअर बॉक्स उतरवायचा आणि चकती परदेशातून मागवायची. मालकांनी तेवढ्यावर काम थांबवलं आणि गाडी माझ्याकडे आणली, हे बरं झालं. या गाडीवर जे केलं त्याच क्रमानं सगळं सांगतो.

आधी हे काम कुठल्या गाडीला लागू आहे ते बघा. शेव्हरोलेच्या छोट्या व्ही-एटच्या सुरुवातीच्या वर्षांत सेल्फ मागे बेल हाउसिंगवर, म्हणजे इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्यामधल्या कवचावर, बसायचा आणि त्याचे बोल्ट आडवे असायचे. तसा असेल तर शिमचा हा हिशेब तिथे चालत नाही. नंतर सेल्फ इंजिनाच्या ब्लॉकला खालून, दोन उभ्या बोल्टांवर टांगला गेला. हा लेख त्या सेल्फबद्दल आहे. ब्लॉक आणि सेल्फचं नाक (पिनियनकडचं टोक) यांच्यामध्ये पातळ पत्र्याची शिम घालून पिनियन (सेल्फच्या दांड्यावरचा छोटा दात्यांचा गिअर) आणि रिंग गिअर यांच्यातली फट कमी-जास्त करता येते, ती याच मांडणीत.

पाना हातात घेण्याआधी आवाज ऐका, आणि तो नेमका कधी येतो ते टिपून ठेवा. सगळं निदान त्या एका गोष्टीवर आहे. सेल्फ इंजिनाला फिरवतोय, इंजिन अजून पेटलेलं नाही, आणि त्या वेळात बारीक, उंच पट्टीतली शीळ येते, तर फट जास्त आहे. दाते एकमेकांना फक्त टोकाला पकडताहेत. इंजिन पेटलं, चावी सोडता सोडता शीळ आली, तर फट कमी आहे. दाते एकमेकांत रुतून बसलेत आणि पिनियनला मागे सरकायला अवघड जातंय. पहिल्या आवाजाला शिम काढायची असते, दुसऱ्याला घालायची. इम्पालाच्या बाबतीत कुणीतरी हे उलटं केलं होतं.

आणखी दोन आवाज आहेत, त्यांचा शिमशी काही संबंध नाही. इंजिन पेटल्यावरही चावी धरून ठेवली आणि भोंग्यासारखा चढत जाणारा आवाज आला, तर पिनियनचा क्लच गेलेला असतो. आमच्याकडे त्या अख्ख्या तुकड्याला बेंडिक्स म्हणतात, तो बदला. आणि चावी सोडल्यावर सेल्फ थांबता थांबता घरघर किंवा ठकठक करत असेल, तर आर्मेचर (सेल्फच्या आतला फिरणारा भाग) वाकलंय किंवा त्याचा तोल गेलाय. या दोन दुखण्यांवर कितीही शिमा घाला, काही होणार नाही.

लालबागच्या गल्लीत दिवसा हे ऐकू येणं शक्य नाही. मी इम्पाला सकाळी सहाला, दूधवाल्याच्या वेळेला ऐकली. डिस्ट्रिब्युटरमधून कॉइलची मधली जाड वायर काढून अर्थला लावली, म्हणजे इंजिन पेटत नाही आणि नुसता सेल्फ फिरतानाचा आवाज वेगळा कळतो. भाच्यानं चावी धरली, मी चाकाजवळ बसलो. एका वेळी दहा सेकंदांच्या वर फिरवू नका आणि मध्ये सेल्फला गार होऊ द्या. शीळ लगेच आली, पेटण्याआधीची. फट जास्त.

बॅटरी तपासणं हे काही मोठं काम नाही, पण ते वगळू नका. स्वस्थ उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ फिरताना साधारण ९.६ च्या खाली नाही. इंजिन ते चासीची अर्थ पट्टीही बघून घ्या. मुंबईच्या हवेत तिच्या टोकांना हिरवं-पांढरं चढलेलं असतंच.

आता गाडीखाली. बॅटरीची अर्थची केबल आधी काढा, मग बाकी सगळं. सेल्फवर येणाऱ्या जाड केबलमध्ये चावी बंद असतानाही करंट असतो. तुमचा पाना एकीकडे त्या नटाला आणि दुसरीकडे चासीला लागला तर तो तिथेच चिकटून लाल होतो. मी एका माणसाच्या हातातली अंगठी तशी तापलेली पाहिली आहे. त्या दिवसापासून माझ्या गाळ्यात घड्याळ-अंगठी काढल्याशिवाय कुणी गाडीखाली जात नाही. मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ओंडके लावा, जॅकनं पुढून उचला आणि वजन लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, द्या. पेव्हर ब्लॉक एकावर एक रचून त्यावर गाडी ठेवणारे या शहरात खूप आहेत. पेव्हर ब्लॉक भाराखाली न सांगता फुटतो. घोड्या नसतील तर काम पुढे ढकला.

सेल्फ इंजिनाच्या उजव्या बाजूला, एक्झॉस्ट पाइपाला जवळजवळ चिकटून असतो, म्हणून इंजिन गार असू द्या. दात्यांच्या चकतीखालचं पत्र्याचं झाकण काढा. वायरी सुटण्याआधी त्यांचा फोटो घ्या. सेल्फ आठ-नऊ किलोंचा आहे आणि तो तुमच्या छातीच्या बरोब्बर वर आहे. शेवटचा बोल्ट सोडताना एक हात खाली हवाच.

इम्पालाचा सेल्फ खाली आला आणि अर्धी गोष्ट तिथेच कळली. दोन बोल्टांपैकी एक मूळचा होता. त्याच्या दांड्यावर, डोक्यापासून थोडं पुढे, बारीक रेघांचा खरखरीत पट्टा असतो. हा पट्टा सेल्फच्या नाकातल्या भोकात घट्ट बसतो आणि सेल्फची जागा पक्की करतो. तो बोल्ट नुसता आवळण्यासाठी नसतो, सेल्फ कुठे बसणार हे तोच ठरवतो. दुसरा बोल्ट साधा तीन सुती होता, गुळगुळीत दांड्याचा. भोकात त्याच्याभोवती जागा राहते, सेल्फ प्रत्येक झटक्याला तेवढा सरकतो, आणि मग तुम्ही काल मोजलेली फट आज उरत नाही.

हा साधा बोल्ट लोक का लावतात हेही सांगतो, कारण इथे प्रामाणिक माणूसही फसतो. मूळ बोल्ट तीन सुती, इंचाला सोळा आट्यांचा अमेरिकन. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात तीन सुती मागितलात की बहुतेक वेळा व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचा बोल्ट, मिळतो. त्यालाही इंचाला सोळाच आटे. तो हातानं सुरळीत आत जातो आणि बरोबर वाटतो. पण व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकनचा ६०. दोघांचे आटे अंगाला अंग लावून बसत नाहीत, टोकांवर टेकतात. दोन-चार वेळा आवळलं की ब्लॉकमधले आटे खराब व्हायला लागतात, आणि ब्लॉक बिडाचा आहे. दहा एमएमचा बोल्ट तर मुळात जाडच असतो, तो घुसवायचा म्हणजे ब्लॉक कापणं. कृपा करून असं करू नका. खरखरीत पट्ट्याचे मूळ बोल्ट शोधा. मला हा जोड कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळाला, तिसऱ्या फेरीला.

सेल्फ बाकावर घेतला की पहिलं काम नाकातला बुश बघणं. पिनियनचा दांडा ज्यात फिरतो तो पितळी रंगाचा छोटा बुश. दांडा बोटानं वर-खाली हलवा. स्पष्ट डुगडुगत असेल तर भार पडल्याबरोबर पिनियन रिंग गिअरपासून लांब ढकलला जातो आणि फट आपोआप वाढते. इम्पालाचा बुश अंड्यासारखा झाला होता. मूळ शीळ त्याचीच. त्यावर शिमा घालत गेल्यामुळे फट आणखी वाढली आणि आवाज चढत गेला. मी नवा बुश ठोकला, कार्बन आणि ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर बघितले, आर्मेचर ग्राउलरवर, म्हणजे शॉर्ट शोधायच्या यंत्रावर, तपासलं. बुश ढिला असताना फट मोजणं हे हलत्या तराजूवर सोनं तोलण्यासारखं आहे.

आता दाते. सेल्फ खाली असतानाच रिंग गिअरचा पूर्ण फेरा डोळ्यांखालून घाला. आठ सिलिंडरचं इंजिन बंद होताना एका फेऱ्यात साधारण चारच जागी थांबतं, म्हणून सेल्फ पुन्हा पुन्हा तिथल्याच दात्यांवर आदळतो. झीज तिथे शोधा. इंजिन हातानं फिरवायचं तर सगळे प्लग काढून ठेवा. बऱ्याच २८३ इंजिनांत क्रँकच्या पुढच्या टोकाला बोल्टच नसतो, त्यामुळे पाना लावायला काही सापडत नाही. तेव्हा खालून रिंग गिअरच्या दात्यांत मोठा स्क्रूड्रायव्हर घालून थोडं थोडं सरकवा. सुरुवातीच्या दात्यावर खडूची खूण करा आणि दाते मोजून टाका. शेव्हरोलेत १५३ दात्यांची लहान चकती आहे आणि १६८ दात्यांची मोठी. लहानीच्या सेल्फचे बोल्ट एका सरळ रेषेत असतात, मोठीच्या सेल्फचे तिरके. एकीचा सेल्फ दुसरीला लावला असेल तर शिमनं ती चूक भरून निघत नाही. इम्पालाचे दाते १६८, सेल्फचं नाक तिरकं, जोडी बरोबर होती. चार जागी दात्यांच्या कडा थोड्या गोल झाल्या होत्या, पण तुटलेला एकही नव्हता. चकती बदलायचं कारणच नव्हतं.

सेल्फ परत वर चढवण्याआधी ब्लॉकवरची त्याची बैठक आणि नाकाची वरची बाजू चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. सेल्फची अर्थ याच जागेतून जाते. जुनी गाडी नव्यानं रंगवताना अख्ख्या ब्लॉकवर नारिंगी रंग मारतात, बैठकीवरसुद्धा. मग सेल्फ मंद फिरतो आणि लोक बॅटरी बदलत बसतात.

आता मोजणी. मोजताना बोल्ट पूर्ण आवळलेले हवेत, ३० ते ३५ फूट-पाउंडांवर, किती जोर लागला ते दाखवणाऱ्या टॉर्क पान्यानं. सैल बोल्टांवर घेतलेलं माप फेकून द्या. पिनियन स्वस्थ असताना त्याचं तोंड आणि रिंग गिअर यांच्यात समोरासमोर निदान अर्धा सूत अंतर हवं. ते दिसलं की पुढे जा. मग नाकाच्या उघड्या जागेतून स्क्रूड्रायव्हरनं पिनियन पुढे ढकला, रिंग गिअरच्या दात्यांत पूर्ण जाईपर्यंत, आणि तसाच धरा. काही जण मोटरकडे जाणारी पट्टी सोडून सोलेनॉइडला, म्हणजे पिनियन पुढे ढकलणाऱ्या विजेच्या चुंबकाला, बॅटरी जोडतात. पण ती पट्टी सुटली की ओढणारी जाड गुंडाळी बंद पडते आणि फक्त धरून ठेवणारी काम करते, त्यामुळे पिनियन हातानंच ढकलावा लागतो. शिवाय काम करताना बॅटरी जोडलेली राहते. मला स्क्रूड्रायव्हर आणि मदतीला दुसरा माणूस हेच बरं वाटतं.

पिनियनच्या दात्याचं टोक रिंग गिअरच्या दोन दात्यांमधल्या खाचेच्या तळाशी किती जवळ येतं, ती आपली फट. ती २० थाऊपेक्षा कमी नको, आणि ३५ च्या पुढे जाऊ नये. सपाट फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) त्या खाचेत नीट जात नाही, तिथे गोल तार लागते. ही तार वाइंडिंग करणाऱ्या प्रत्येकाकडे असते. तारेच्या ब्रिटिश मापात २५ नंबर म्हणजे बरोबर २० थाऊ आणि २० नंबर म्हणजे ३६ थाऊ. २५ नंबर गेली पाहिजे, २० नंबर अडली पाहिजे. एवढं सोपं. फक्त तारेवरचं इनॅमल खरवडा आणि मायक्रोमीटरनं एकदा खात्री करा, कारण इनॅमलनं माप वाढतं. तांबं मऊ असतं, ते दाबून घुसवू नका. अलगद सरकली तरच गेली म्हणायचं. दाबलं गेलंच तर तार बाहेर काढून चपटा भाग मायक्रोमीटरवर धरा, जो आकडा येईल तीच तिथली फट. तो आकडाही कामाचा असतो.

एका जागी मोजून उठू नका. चकती कधीच अगदी गोल फिरत नाही, आणि ऑटोमॅटिक गाडीची पातळ चकती तर नाहीच. पाव-पाव फेरा फिरवत चार जागी मोजा, शक्य असेल तर आठ. सगळ्यात कमी फट जिथे येईल तिथे खडूनं फुली मारा आणि हिशेब तिथला धरा. जास्त फटीच्या जागी थोडा आवाज चालेल, पण कमी फटीच्या जागी दाते रुतले तर नाक फुटतं.

इम्पालाला नवा बुश, दोन्ही मूळ बोल्ट आणि आधीच्या तिन्ही शिमा ठेवून मोजलं: कमीत कमी ३८, जास्तीत जास्त ४६ थाऊ. २० नंबरची तार सगळीकडे आरपार.

किती शिम काढायची याचा हिशेब नवख्याला चकवतो. पंधरा थाऊची शिम दोन्ही बोल्टांखाली घातली तर फट पंधरानं वाढत नाही, साधारण पाचनं वाढते. कारण सेल्फ सरळ खाली उतरतो, पण चकतीचा मध्य त्याच्या थेट वर नाही, बाजूला आहे. खाली उतरल्याचा थोडाच भाग लांब जाण्यात मोजला जातो. म्हणजे तीन शिमा काढल्या तर पंधरा थाऊ कमी. ३८ मधून १५ गेले, २३ उरले. मी तिन्ही काढल्या, पुन्हा आवळलं, पुन्हा मोजलं. कमीत कमी २३, जास्तीत जास्त ३१.

काढायला शिमच नाही आणि फट तरीही जास्त आहे, असं झालं तर? तेव्हा फक्त बाहेरच्या, म्हणजे इंजिनापासून लांबच्या बोल्टाखाली शिम घालतात. सेल्फ आतल्या कडेवर किंचित कलतो आणि चकतीकडे झुकतो. पंधरा थाऊची अशी एकेरी शिम फट साधारण दहानं कमी करते. हे करताना माझा हात जरा अडखळतो, कारण कललेल्या बैठकीवर नाकाला ताण येतो. एका शिमपर्यंत ठीक; त्यापुढे मी बुश, बोल्ट आणि नाकाच्या कानाला तडा गेलाय का हे पुन्हा बघतो.

शिम कापायची असेल तर मोजून मिळणारा पितळी शिम पत्रा घ्या, नागदेवीला मिळतो. भोकं पंचनं पाडा, कडा तेलाच्या दगडावर घासा. तेलाच्या डब्याचा पत्रा वापरू नका. तो दुमडलेला, रंगवलेला असतो आणि आवळल्यावर सगळीकडे सारखा बसत नाही.

शेवटी एक पट्टी राहते, जी या गाड्यांमधून हमखास हरवलेली असते. सेल्फच्या पुढच्या टोकापासून ब्लॉकपर्यंत जाणारा छोटा ब्रॅकेट. आधी कुणी काढलेला असतो आणि परत लावलेला नसतो. तो नसेल तर आठ-नऊ किलोंचा सेल्फ दोन बोल्टांवर लोंबकळतो, चालत्या इंजिनाबरोबर थरथरतो, आणि पुढे कधीतरी नाक तडकतं. इम्पालाला तो नव्हता. मी तीन एमएमच्या पट्टीतून बनवला. बनवताना ब्लॉककडचं भोक लांबट ठेवा. आधी सेल्फचे मुख्य बोल्ट पूर्ण आवळा, मग ब्रॅकेट जसा येईल तसा टेकवून आवळा. भोक जुळत नाही म्हणून सेल्फ ओढून धरलात तर इतका वेळ मोजलेली फट गेली.

झाकण, वायरी, प्लग, आणि सगळ्यात शेवटी बॅटरीची अर्थ. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा भाचा चावीवर, मी चाकाजवळ. आधी कॉइल काढून: भरीव, एकसारखी घरघर, शीळ नाही. मग कॉइल लावून: दुसऱ्या फेऱ्याला इंजिन पेटलं, चावी सुटली, पिनियन टक् करून मागे गेला. मालक गल्लीच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी गाडी बंद करून आणखी तीनदा चालू करायला लावली.

पंधरा दिवसांनी गाडी परत बोलावली आणि दोन्ही बोल्टांवर टॉर्क पाना फिरवून बघितला. ते हलले नव्हते. जाण्याआधी एका जाड पुठ्ठ्यावर लिहून तो मालकांच्या गाडीच्या कागदपत्रांत ठेवला, पुढच्या मिस्त्रीसाठी: शिम एकही नाही. बोल्ट दोन्ही मूळ, खरखरीत पट्ट्याचे. नाकाचा बुश नवा. कमीत कमी फट २३ थाऊ, खडूची खूण एक नंबर प्लगच्या बाजूला.